वजन आरोग्याला धरून आहे का, हे ठरवताना आधी बीएमआय की आधी कमरेची टेप?

रानवारा

चेकअपच्या रिपोर्टवर बीएमआय (बॉडी मास इंडेक्स) सगळ्यात वर छापलेला असतो. विम्याच्या फॉर्मवर तोच, जिमच्या नोंदवहीतही तोच. किलोमधलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग. १८.५ च्या खाली कमी वजन, २५ पर्यंत ठीक, त्यापुढे जास्त आणि ३० पासून लठ्ठपणा. एवढ्यावर माणसाला शिक्का बसतो.

माझं मत स्पष्ट मांडतो. मोठ्या माणसाचं वजन जास्त आहे का हे बघताना पहिला आकडा म्हणून बीएमआय वापरणं बंद व्हावं. त्याच्या जागी कमरेचा घेर भागिले उंची घ्यावं. दोन्ही सेंटीमीटरमध्ये मोजायचं आणि कंबर उंचीच्या निम्म्याहून कमी असावी.

मुळात हे सूत्र एकेका माणसाचं आरोग्य तपासायला केलेलंच नव्हतं. बेल्जियमचे अडॉल्फ केटले हे खगोलशास्त्रज्ञ आणि संख्याशास्त्रज्ञ. प्रौढांचं वजन साधारणपणे उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतं, हे त्यांनी १८३२ च्या सुमारास नोंदवलं. त्यांना 'सरासरी माणूस' रेखाटायचा होता. चरबी किती आणि रोग कोणते, हा त्यांचा विषय नव्हता. पुढे १९७२ मध्ये अँसेल कीज आणि सहकाऱ्यांनी पाच देशांतल्या सात हजारांहून अधिक पुरुषांची मोजमापं तपासली, या सूत्राला बीएमआय हे नाव दिलं आणि ते त्या वेळच्या इतर वजन-उंची सूत्रांइतकं तरी चांगलं आहे, असा माफक निष्कर्ष काढला. अभ्यासात पुरुषच होते, हेही ध्यानात घ्या.

काट्यावर जे दिसतं त्यात चरबी, स्नायू, हाडं, पाणी सगळं एकत्र असतं. आणि चरबी किती यापेक्षा ती कुठे आहे हे जास्त महत्त्वाचं. १९४७ मध्येच फ्रान्सच्या झाँ व्हाग यांनी लिहून ठेवलं होतं की वरच्या अंगाला, पोटावर साठणारी चरबी मधुमेहाशी आणि रक्तवाहिन्यांच्या विकारांशी जोडलेली दिसते, मांड्या-नितंबांवरची तशी दिसत नाही. आतड्यांभोवतीच्या चरबीतलं रक्त थेट यकृताकडे जातं. त्या चरबीतून सुटलेली मेदाम्लं यकृतात साठत गेली की इन्सुलिनचं काम बिघडतं. मांडीवरच्या चरबीला हा थेट रस्ता नाही.

२००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात एक छोटी नोंद आली होती. भारतीय संशोधक चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटिश संशोधक जॉन युडकिन या दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. कोष्टकाप्रमाणे दोघेही 'नॉर्मल'! ज्यांच्या हातापायांना चरबी दिसत नाही पण पोटात असते, अशा आपल्यासारख्या लोकांना हा आकडा खोटा दिलासा देतो, आणि तो दिलासा महाग पडतो.

उपचारांची मार्गदर्शक तत्त्वं ठरवणाऱ्या ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेने २०२२ मध्ये हेच सांगितलं: कंबर उंचीच्या निम्म्याखाली ठेवा. ०.४ ते ०.४९ ठीक, ०.५ ते ०.५९ धोका वाढलेला, ०.६ पासून धोका बराच जास्त. स्त्री-पुरुषांना आणि वेगवेगळ्या वंशांच्या लोकांना एकच नियम. काटासुद्धा लागत नाही. उंचीएवढी दोरी घ्या, तिची बरोबर निम्म्यात घडी करा आणि कमरेभोवती पुरते का बघा.

आकडेमोड

असहमत. मी सार्वजनिक आरोग्याच्या आकडेवारीत काम करतो, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

केटलेंचा इतिहास वाचायला छान आहे, पण युक्तिवाद म्हणून त्याला वजन नाही. सूत्र कुणी, कशासाठी शोधलं यावर ते आज उपयोगी आहे की नाही हे ठरत नाही. आजार आणि मृत्यू यांच्याशी त्याचं नातं किती पक्कं आहे, यावर ठरतं. २०१६ मध्ये २३९ अभ्यासांतल्या १ कोटी ६ लाख लोकांची माहिती एकत्र करून पाहिली गेली. धूम्रपान कधीच न केलेले आणि सुरुवातीला जुनाट आजार नसलेले लोक वेगळे काढले, तेव्हा सगळ्यात कमी मृत्युदर २० ते २५ या बीएमआयच्या पट्ट्यात आला. दोन्ही बाजूंना तो चढत गेला. इतकी साधी दोन मोजमापं आणि इतकं सुसंगत चित्र. हे टाकून द्यायचं?

आता टेपबद्दल. उंची आणि वजन कुणीही मोजलं तरी जवळजवळ तेच येतं. कमरेचं तसं नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या पद्धतीत शेवटची बरगडी आणि कमरेच्या हाडाचा वरचा काठ यांच्या मधोमध टेप लावायची असते. अमेरिकी पद्धतीत हाडाच्या काठाच्या लगत वर. घरी बहुतेक लोक बेंबीवर मोजतात. श्वास सोडलेला की धरलेला, टेप सैल की घट्ट, पोट आत ओढलंय का, यावरही आकडा बदलतो. १६५ सेंमी उंचीच्या माणसाची कंबर ८१ मोजली तर गुणोत्तर ०.४९, ८४ मोजली तर ०.५१. तीन सेंटीमीटरच्या चुकीत माणूस तुमच्या सीमेच्या अलीकडून पलीकडे गेला.

आणि बीएमआय उगाच लठ्ठ ठरवतो ही तक्रारही तपासून घ्या. २००८ मधल्या एका अमेरिकी विश्लेषणात, ज्यांच्या शरीरातली चरबी प्रमाणाबाहेर नव्हती अशांपैकी ९५ टक्के पुरुष आणि ९९ टक्के स्त्रिया बीएमआयच्या ३० या रेषेखालीच होत्या. म्हणजे ३० च्या वर गेलेल्या माणसावर अन्याय होण्याची शक्यता फार कमी.

रानवारा

आकडेमोड, त्याच विश्लेषणाचा दुसरा अर्धा भागही सांगायला हवा. ज्यांच्या शरीरात चरबी खरोखरच प्रमाणाबाहेर होती, त्यांच्यापैकी बीएमआय ३० च्या रेषेने पकडले फक्त ३६ टक्के पुरुष आणि ४९ टक्के स्त्रिया. निम्म्याहून जास्त लोक निसटले. माझी तक्रार उगाच शिक्का बसलेल्यांपुरती नव्हतीच. ज्यांना 'सगळं ठीक' म्हणून घरी पाठवलं जातं त्यांच्याबद्दल मी जास्त बोलतोय.

ध्रुव

शिक्का बसलेल्यांची बाजू मी मांडतो. मी वजन उचलण्याच्या स्पर्धांमध्ये उतरतो. उंची १८०, वजन ९५, बीएमआय २९.३. म्हणजे लठ्ठपणाच्या दारात. कंबर ८४, म्हणजे गुणोत्तर ०.४७. रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल सगळं व्यवस्थित. तरीही विमा घेताना एका कंपनीने बीएमआयकडे बोट दाखवून हप्ता वाढवून सांगितला. रिपोर्ट दाखवले, कंबर मोजा म्हटलं, पण त्यांच्या फॉर्ममध्ये त्यासाठी रकानाच नव्हता. जो आकडा स्नायू आणि चरबी यांत फरक करू शकत नाही, त्याच्यावर पैशांचे निर्णय कसे घेतात?

आकडेमोड

ध्रुव, तुमच्या बाबतीत जे झालं ते चुकीचंच आहे. पण बीएमआय २९ असलेल्या लोकांमध्ये तुमच्यासारखे स्नायूंमुळे तिथे पोचलेले फार थोडे. खेळाडूंचं उदाहरण प्रत्येक चर्चेत येतं आणि ते ऐकून ज्यांनी कधी व्यायाम केला नाही तेही 'माझं वजन हाडांचं आहे' म्हणतात. त्यांचं त्यात नुकसान आहे. तुमच्या बाबतीत दोष विमा कंपनीच्या नियमात आहे. एका आकड्यावर थांबू नये हे मला मान्य, पण म्हणून तो आकडाच काढून टाकावा हे नाही.

मुक्ता_श

मी जनरल प्रॅक्टिस करते. दोघांचंही वाचलं. दोघंही आपापल्या मापाला एकट्यानेच सगळं करायला लावताय, असं मला वाटतं.

अमेरिकन मेडिकल असोसिएशनने २०२३ मध्ये बीएमआय एकटा वापरू नका, असं धोरण घेतलं. जानेवारी २०२५ मध्ये 'लॅन्सेट'च्या आयोगाने त्याहून नेमकी वाट दाखवली. बीएमआय जास्त आला तर लगेच शिक्का मारायचा नाही. चरबी खरंच जास्त आहे का हे कंबर, कंबर-नितंब गुणोत्तर किंवा कंबर-उंची गुणोत्तर यांपैकी एकाने तरी पडताळायचं, नाहीतर चरबी थेट मोजायची. यांतली दोन मापं जास्त असतील तर बीएमआय कितीही असो, चरबी जास्त धरायची. ४० च्या वर बीएमआय असेल तर पडताळणीची गरज नाही. आणि त्यानंतरही प्रश्न उरतोच: या चरबीने अवयवांचं काम बिघडलंय का, रोजच्या हालचाली अडताहेत का? बिघडलं असेल तर तो आजार. नसेल तर ती आजाराआधीची अवस्था, तिथे लक्ष ठेवायचं, उपचार वेगळे.

रानवारा, तुमच्या 'सगळ्यांना एकच नियम' यावर माझा आक्षेप आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञगटाने २००४ मध्येच आशियाई लोकांसाठी बीएमआय २३ आणि २७.५ या जास्तीच्या रेषा सुचवल्या, कारण आपल्याकडे कमी वजनातच मधुमेह दिसायला लागतो. कमरेच्या रेषाही वेगळ्या: पुरुषांना ९० सेंमी, स्त्रियांना ८०. बीएमआयमध्ये वेगळी रेषा लागते पण गुणोत्तरात लागणार नाही, हे इतक्या खात्रीने म्हणू नका. १८५ उंचीच्या पुरुषाला ०.५ चा नियम ९२.५ पर्यंत मोकळीक देतो, म्हणजे ९० ची रेषा त्याने आधीच ओलांडलेली. १५० उंचीच्या बाईला तोच नियम ७५ वरच अडवतो. दोन नियम दोन वेगळी उत्तरं देतात आणि पेशंट समोर बसलेला असतो.

शिवाय टेप लावायची म्हणजे कपडे सैल करणं आलं, अंगाला हात लावणं आलं. आडोसा हवा, बाई पेशंट असेल तर सोबत बाई कर्मचारी हवी. गर्दीच्या वेळी हे राहून जातं. वजन-उंची मात्र दारातच नोंदवून होते. बीएमआय टिकून आहे त्यात या सोयीचा मोठा वाटा आहे, आणि ती सोय मला क्षुल्लक वाटत नाही.

चंद्रकोर

तुम्हा सगळ्यांचं वाचून मला एक विचारायचंय. मापणारे तुम्ही, मापले जाणारे आम्ही. टेप आली तर आमच्यासाठी नक्की काय बदलणार?

माझा बीएमआय ३० च्या वर आहे, बरीच वर्षं. मला जिना चढताना दम लागायला लागला. ज्या डॉक्टरांकडे गेले त्यांनी काट्याकडे बघितलं आणि 'वजन कमी करा, मग बघू' म्हणाले. तपासणी काहीच नाही. पुढे दुसऱ्या ठिकाणी साधी रक्ताची तपासणी केली तर हिमोग्लोबिन खूप कमी निघालं. गोळ्या सुरू झाल्यावर दम लागणं थांबलं. वजन तेवढंच होतं. हे काट्यामुळे झालं की तिथे टेप असती तरी झालंच असतं? कंबर मोजून घेणं तर वजनापेक्षा जास्त संकोचाचं आहे. त्या संकोचापायी दवाखान्यातच न जाणाऱ्या बायका मला माहीत आहेत.

२०१६ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय पाहणीवरून एक विश्लेषण आलं होतं. बीएमआयने 'जास्त वजन' ठरवलेल्यांपैकी जवळजवळ निम्म्यांचं, आणि 'लठ्ठ' ठरवलेल्यांपैकी २९ टक्क्यांचं रक्तदाब, साखर, चरबी वगैरे ठीक होतं. उलट 'नॉर्मल' वजनाच्या ३० टक्क्यांहून जास्त लोकांचं बिघडलेलं होतं. मग आधी रक्तदाब आणि रक्त तपासा ना. माणसाचा आकार मोजायची घाई कशाला?

आकडेमोड

चंद्रकोर, तुमच्या बाबतीत निदान चुकलं ते न तपासल्यामुळे, आणि त्याचं समर्थन कुणीच करणार नाही. पण त्या विश्लेषणाबद्दल एक सांगायला हवं. ते एका वेळचं चित्र आहे. आज सगळे रिपोर्ट ठीक असलेल्या जास्त वजनाच्या लोकांना बरीच वर्षं पाहत राहिलं, तर त्यांच्यातल्या अनेकांची साखर, दाब पुढे बिघडताना दिसतात. आजचा चांगला रिपोर्ट म्हणजे कायमची सूट नव्हे.

रानवारा, कंबर बीएमआयपेक्षा वरचढ आहे हे तुम्ही गृहीतच धरलंय. २०११ मध्ये ५८ दीर्घकालीन अभ्यासांतल्या २ लाख २० हजारांहून अधिक लोकांची माहिती एकत्र तपासली गेली. हृदयविकार आणि पक्षाघाताच्या धोक्याशी बीएमआय, कंबर आणि कंबर-नितंब गुणोत्तर या तिन्हींचं नातं साधारण सारख्याच ताकदीचं निघालं. आणि रक्तदाब, मधुमेह, कोलेस्टेरॉल माहीत असेल तर यांतलं कुठलंही माप जोडल्याने अंदाज फारसा सुधारला नाही.

चंद्रकोर

म्हणजे तुमचाच अभ्यास माझ्या बाजूने बोलतोय. दाब, साखर आणि कोलेस्टेरॉल माहीत असेल तर आकाराच्या मापाने फारशी भर पडत नाही. मग मला काट्यावर आधी का उभं करता?

आकडेमोड

कारण तो निष्कर्ष फक्त हृदय आणि रक्तवाहिन्यांपुरता आहे. गुडघ्यांची झीज, झोपेत श्वास अडणं, काही प्रकारचे कर्करोग यांचा धोका रक्ताच्या त्या तपासण्यांत दिसत नाही. आणि रक्त तपासायला कुणाला पाठवायचं हे ठरवायला आधी काहीतरी स्वस्त माप लागतंच.

रानवारा

२०११ च्या विश्लेषणासमोर मी 'इंटरहार्ट' हा अभ्यास ठेवतो. ५२ देश, २७ हजारांवर लोक, लठ्ठपणावरचा निष्कर्ष २००५ चा. हृदयविकाराच्या झटक्याशी कंबर-नितंब गुणोत्तराचं नातं बीएमआयपेक्षा कितीतरी पक्कं निघालं. कंबर-नितंब लक्षात घेतल्यावर बीएमआयचा उरलेला हिस्सा बराच कमी झाला.

मोजण्यातल्या चुकीबद्दल: मग पद्धत पक्की करा. मधोमध जागा बोटाने शोधा, साधा श्वास सोडल्यावर टेप वाचा, दोनदा मोजून सरासरी घ्या. जपानने २००८ पासून ४० ते ७४ वयाच्या लोकांच्या तपासणीत कंबर मोजायला सुरुवात केली. अख्खा देश मोजू शकतो तर दवाखान्याला का जमू नये? आणि बीएमआय बिनचूक म्हणताना लोक आपली उंची फुगवून आणि वजन घटवून सांगतात, हेही धरा. बऱ्याच ठिकाणी आकडे विचारूनच लिहिले जातात.

आकडेमोड

'इंटरहार्ट'मध्ये झटका येऊन गेलेल्या लोकांची तुलना न आलेल्यांशी केली होती. मापं झटक्यानंतरची. वर्षानुवर्षं पाठपुरावा करणाऱ्या अभ्यासांना मी जास्त मान देतो. आणि जपानच्या रेषा बघा: पुरुषांना ८५ सेंमी, स्त्रियांना ९०. बाकी जगाच्या बरोबर उलट! पोटातल्या चरबीचं स्कॅनमधलं १०० चौरस सेंटीमीटर क्षेत्रफळ समोर ठेवून ते ठरवलं गेलं आणि त्यावर पुष्कळ टीका झाली. टेप घेतली म्हणून रेषेचा वाद संपत नाही.

शरयू

मी फिजिओथेरपिस्ट आहे, माझ्याकडे बहुतेक साठीच्या पुढचे लोक येतात. या चर्चेत वय कुठेच नाही याचं मला वाईट वाटलं.

वय वाढतं तसे स्नायू घटतात आणि त्यांची जागा चरबी घेते. वजन तेवढंच राहतं, बीएमआय तेवढाच, घरचे खूश. प्रत्यक्षात मांड्या बारीक झालेल्या असतात आणि खुर्चीतून हात न टेकता उठता येत नाही. अशा माणसाला बीएमआय २६ आहे म्हणून वजन उतरवायला सांगितलं आणि त्याने नुसतं खाणं कमी केलं, तर चरबीबरोबर उरलासुरला स्नायूही जातो. मग पडणं, हाड मोडणं, अंथरूण धरणं. मी हे काम करते म्हणून सांगते, म्हातारपणी नुसता वजनाचा काटा खाली आणण्याचा सल्ला मला भीतिदायक वाटतो.

दुसरं म्हणजे उंची. मणके दबतात, पाठीला बाक येतो. ६० किलोच्या बाईंची उंची १५८ ची १५३ झाली तर एक किलोही न वाढता त्यांचा बीएमआय २४ चा २५.६ होतो. रानवारा, तुमचं गुणोत्तरही यातून सुटत नाही. कंबर ८० च राहिली तरी ०.५१ चं ०.५२ होतं. तरुणपणची उंची धरायची की आजची, हे कुठल्याच फॉर्मवर लिहिलेलं मी पाहिलं नाही.

मला विचाराल तर या वयात हाताची पकड मोजा. २०१५ मध्ये १७ देशांतल्या सुमारे १ लाख ४० हजार लोकांवरचा अभ्यास आला. पकडीची ताकद ५ किलोने कमी म्हणजे मृत्यूचा धोका १६ टक्क्यांनी जास्त, आणि हे नातं रक्तदाबाच्या वरच्या आकड्यापेक्षाही पक्कं. पकड मोजायचं यंत्र हातात मावतं. ते नसेल तर तीस सेकंदांत खुर्चीतून किती वेळा उठता येतं ते मोजा. वजन योग्य आहे का या प्रश्नात ते वजन उचलणारे स्नायू आहेत का, हाही प्रश्न यायला हवा.

मुक्ता_श

शरयू, पूर्ण सहमत. आणि याच धाग्यात दुसरं टोकही आणते. सगळे जास्त वजनाबद्दलच बोलताय. कमी वजनाचं काय? कुपोषण, क्षय, खाण्याचे मानसिक विकार यांत १८.५ च्या खालचा बीएमआय मला लगेच सावध करतो. कमरेची टेप तिथे माझ्या फारशी कामाची नाही. लहान मुलांमध्ये तर वयानुसार बीएमआयचे तक्तेच बघावे लागतात, आणि पाच वर्षांखालच्या मुलाचं तीव्र कुपोषण ओळखायला दंडाचा घेर: ११.५ सेंमीच्या खाली म्हणजे धोका. गरोदर बाईला कंबर-उंची लावण्यात काही अर्थच नाही. वजनकाटा हलवू नका, एवढंच म्हणणं आहे.

रानवारा

मी सुरुवातीलाच 'मोठ्या माणसाचं वजन जास्त आहे का' एवढंच लिहिलं होतं. वजन नोंदवणं बंद करा असं म्हणत नाही. वजन उतरत चाललंय हे काट्यानेच कळणार. माझं भांडण त्या भागाकाराशी आणि त्याला दिलेल्या पहिल्या जागेशी आहे.

कुतूहल

चांगली चर्चा. घरच्या काट्यावर चरबीची टक्केवारी दाखवतात, ती का वापरू नये? आणि इंटरनेटवर बीआरआय, आरएफएम, एबीएसआय अशी बरीच सूत्रं दिसतात. त्यांत काही दम आहे का?

आकडेमोड

काट्यापासून सुरू करतो. तो पायांतून अगदी बारीक वीजप्रवाह सोडतो. स्नायूंत पाणी जास्त, त्यातून वीज सहज जाते, चरबीतून अडते. त्या अडथळ्यावरून यंत्र चरबीचा अंदाज बांधतं. पाणी प्यालात, घाम गाळलात, नुकतेच जेवलात की आकडा हलतो. शिवाय आतलं समीकरण ज्या लोकांवर बसवलं ते तुमच्यासारखे होते का हे कळत नाही. रोज सकाळी एकाच वेळी, एकाच काट्यावर उभं राहून चढ-उतार बघायला ठीक. 'माझी चरबी २४.३ टक्के' असं दशांशासकट सांगायला नाही. क्ष-किरणांनी चरबी मोजणारा डेक्सा स्कॅन बराच अचूक, पण तो सगळ्यांसाठी कुठून आणणार?

सूत्रांचं जरा खोलात सांगतो, कारण इथे बरीच दिशाभूल होते. बीआरआय २०१३ चं. शरीराला अंडाकृती मानून त्याचा गोलवा मोजतं. समीकरण भारदस्त आहे, पण त्यात शिरतं काय? फक्त कंबर आणि उंची, तीही एकमेकींच्या प्रमाणात. म्हणजे कंबर-उंची गुणोत्तराने लोकांना ज्या क्रमाने उभं केलं, बीआरआय नेमक्या त्याच क्रमाने उभं करणार. आरएफएम २०१८ चं: ६४ वजा २० गुणिले उंची भागिले कंबर, आणि स्त्री असेल तर अधिक १२. पुन्हा तेच गुणोत्तर उलटं केलेलं. कंबर उंचीच्या बरोबर निम्मी असेल तर पुरुषाला २४ आणि स्त्रीला ३६ टक्के चरबी असं उत्तर येतं. चरबीचा अंदाज टक्क्यांत मिळतो एवढा फायदा. एबीएसआय, २०१२ चं, वेगळं आहे. बीएमआयने जे सांगून झालं ते वगळून कमरेत जास्तीचं काय उरतं, हे ते मुद्दाम वेगळं काढतं. म्हणून ते बीएमआयच्या जोडीला वापरायचं आहे, त्याला हटवायला नाही.

बीएमआयचीच दुरुस्तीही आहे. ऑक्सफर्डचे गणिती निक ट्रेफेथेन यांनी २०१३ मध्ये सुचवलं की उंचीचा वर्ग घेण्याऐवजी घात २.५ घ्या आणि १.३ ने गुणा. कारण जुन्या सूत्रात उंच माणूस आहे त्यापेक्षा जाड दिसतो आणि बुटका आहे त्यापेक्षा बारीक. १५० सेंमी आणि ५४ किलोचा बीएमआय २४, त्यांच्या सूत्राने २५.५. गणित म्हणून मला आवडतं. पण चरबी कुठे आहे हे त्यालाही कळत नाही.

रानवारा

बीआरआय आणि आरएफएमबद्दल आपण एकाच बाजूला आहोत, याचा आनंद आहे. चांगली निघालेली नवी सूत्रं फिरून कमरेच्या टेपकडेच येतात, हे तुम्हीच दाखवलंत.

कुतूहल

मग माझेच आकडे देतो, तुम्ही सगळे सांगा. वय ४१, उंची १७२, वजन ६७.५, बीएमआय २२.८. आत्ता कंबर मोजली, ९४ आली. गुणोत्तर ०.५५. वडिलांना मधुमेह. मी आजवर 'नॉर्मल' म्हणून निश्चिंत होतो. रक्त कधी तपासलेलं नाही.

ध्रुव

माझ्या बरोबर उलट केस. आशियाई रेषा २३ ची लावली तरी तुम्ही सुटता.

आकडेमोड

कुठे मोजलीत?

कुतूहल

बेंबीवर. आता वर सांगितलंय तसं बरगडी आणि हाडाच्या मधोमध, श्वास सोडून, दोनदा मोजली. ९१.

आकडेमोड

तीन सेंटीमीटर. हेच मी म्हणत होतो.

रानवारा

९४ धरा की ९१, निम्मी उंची ८६ आहे. चूक धरूनही टेप थांबवते आणि बीएमआय जाऊ देतो.

चंद्रकोर

आणि वडिलांचा मधुमेह कळल्यावर यांतलं काहीच न मोजता तपासणी लिहून देता आली असती.

मुक्ता_श

कुतूहल, पुढच्या आठवड्यात उपाशीपोटी साखर, एचबीएवनसी (गेल्या तीनेक महिन्यांच्या साखरेची सरासरी दाखवणारी तपासणी), लिपिड प्रोफाइल आणि यकृताचे एन्झाइम करून घ्या. रक्तदाब दोन वेगवेगळ्या दिवशी, पाच मिनिटं शांत बसून मोजा. वजन कमी करायच्या मागे आत्ताच लागू नका. तुमच्या बाबतीत स्नायू कमी असण्याची शक्यता जास्त वाटते, त्यामुळे शरयू सांगतात तसा ताकदीचा व्यायाम आधी सुरू करा. रिपोर्ट घेऊन तुमच्या डॉक्टरांकडे जाल तेव्हा वडिलांना कितव्या वर्षी मधुमेह लागला ते आठवणीने सांगा. आणि कंबरही तिथे परत मोजून घ्या, मधोमधच.